काचेतला उंबर

लायब्ररीचं दार उघडायला अजून अवकाश होता, म्हणून मी पायऱ्यांवर बसून उत्तरपत्रिका चाळत होते. डोक्यावर कुठंतरी धप्प आवाज झाला. फार मोठा नाही, जाड वही जमिनीवर पडावी तेवढाच. पाठोपाठ दोन पायऱ्या खाली काहीतरी हिरवं येऊन पडलं. तांबट होता. उन्हाळ्याच्या दुपारी टुक टुक टुक करून डोकं उठवणारा हा पक्षी मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. मुठीत मावेल एवढा देह. कपाळावर आणि छातीवर शेंदरी-लाल पट्टा, डोळ्याच्या वर-खाली पिवळा रंग, चोचीच्या मुळाशी राठ मिशा, आणि लाल पायांची दोन बोटं पुढं, दोन मागं. चोच उघडी होती. छाती दोनदा हलली आणि मग हलली नाही. झाडत असलेल्या मावशी खराटा टेकवून आल्या, वाकून पाहिलं, सुपलीत घेतला आणि म्हणाल्या, "हा आजचा दुसरा."

तेवढं बोलून त्या पुन्हा झाडायला लागल्या. मला मात्र त्यानंतर एकही उत्तरपत्रिका धड वाचता आली नाही.

आमची ही लायब्ररी विद्यापीठाच्या अभिमानाचा विषय आहे, आणि तो उगाच नाही. छतावर सौर पॅनेल, पावसाचं पाणी मुरवायला शोषखड्डे, दिवसा दिवा लावावा लागू नये इतका उजेड. सगळ्यात कौतुकाची गोष्ट म्हणजे जागेवरचा जुना उंबर तोडला नाही. नकाशा बदलला, इमारत मागं सरकवली, आणि उंबराकडे तोंड करून तीन मजली काचेची भिंत उभी केली. हरित इमारतीचं मानांकन मिळालं तेव्हा भाषणात उंबराचा उल्लेख आलाच. वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर त्याच भिंतीचा फोटो आहे. खरं झाड कुठं संपतं आणि काचेतलं कुठं सुरू होतं ते सांगता येत नाही, इतका सुंदर फोटो. फोटोग्राफरला जे साधलं तेच तांबटालाही दिसलं असणार: एका उंबरासमोर दुसरा उंबर, तसाच लदबदलेला, आणि मधे मोकळी हवा.

उंबर पिकला की तिथं पहाटेपासून जत्रा असते. तांबट, बुलबुल, हळद्या, कोकीळ, रात्री वटवाघळं. खोडालाच फळांचे घोस, खाली सडा, त्यावर माश्या आणि आंबूस-गोड वास. झाड वाचवलं म्हणून हे सगळं वाचलं, हे कबूल करायलाच हवं. पण झाड वाचलं म्हणूनच पक्षी त्या काचेपाशी येतात, हेही तितकंच खरं. उंबर तोडला असता तर कदाचित एवढे पक्षी मेले नसते, असं एकदा मनात येऊन गेलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी मी मावशींना गाठलं. त्यांना वाटलं, काही तक्रार आहे. झाडताना मेलेलं पाखरू दिसलं म्हणून कुणी बोललं असेल, असा त्यांचा समज. तसं नाही म्हटल्यावर त्या हळूहळू बोलत्या झाल्या, आणि मग थांबेनात. उगवतीच्या भिंतीला जास्त पडतात, तेही सकाळी सात ते नऊच्या दरम्यान. मावळतीच्या भिंतीला दुपारी चारनंतर, पण कमी. जिन्याच्या कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी काच आहे ना, तिथं लहान हिरवी पाखरं पडतात, कारण "त्यांना पलीकडचं झाड आरपार दिसतं." काही नुसती गुंगतात, अर्ध्या तासानं उडून जातात. तोवर मांजर यायला नको म्हणून त्या अशा पाखरावर टोपली पालथी घालतात. पारवे पडतात का? "पारवे नाय पडत मॅडम, ते पक्के. बिल्डिंगीतच राहतात, त्यांना समदं ठाव." आणि पावसाच्या तोंडाला, परीक्षेच्या दिवसांत, एक रंगीत पाखरू पडतं. शेपूट तोकडी, पोटाखाली लाल, पाठ हिरवी, डोळ्यावर काळी पट्टी. "दरसाल दोन-तीन तरी असतात. रात्रीच पडत असणार, सकाळी गार लागतात हाताला."

नवरंग. आमच्या पक्षिमित्र मंडळाच्या यादीत त्याच्यापुढं "अत्यंत दुर्मीळ" असं लिहिलेलं आहे.

ही मुलं खरंच मेहनती आहेत. दर फेब्रुवारीत चार दिवस कॅम्पस बर्ड काउंट असतो, तेव्हा पहाटे दुर्बिणी घेऊन निघतात, निदान पंधरा मिनिटं एका ठिकाणी किंवा एका वाटेवर नोंद करायची, दिसेल तो पक्षी आणि त्याची संख्या ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर चढवायची. त्यांच्याबरोबर मीही फिरले आहे. पण फेब्रुवारीत नवरंग दक्षिणेत असतो. आमच्यावरून तो जातो मे-जूनमध्ये, रात्रीचा प्रवास करत. त्याच दिवसांत परीक्षांमुळं आमचा वाचनकक्ष रात्रभर उघडा असतो आणि तिन्ही मजले उजळलेले असतात. रात्री उडणारे पक्षी अशा उजेडाकडे ओढले जातात, भरकटतात. म्हणजे पोरं आत जागून अभ्यास करतात आणि बाहेर हे चाललेलं असतं. यात कुणाला दोष द्यायचा? रात्री दोनला वाचनकक्षात जागा मिळाली नाही म्हणून रडवेली झालेली मुलगी मी पाहिली आहे. तिला पडदे ओढ म्हणून सांगता येईल. दिवे मालव म्हणून कसं सांगणार?

काचेवर आपटून मरणाऱ्या पक्ष्यांचा सगळा अभ्यासच मुळी एका विद्यापीठाच्या आवारात सुरू झाला, हे मला नंतर वाचताना कळलं. १९७४ साली डॅनियल क्लेम हा तरुण सदर्न इलिनॉय विद्यापीठात पीएचडीसाठी विषय शोधत होता. विषय ठरला तो हाच, पक्षी आणि खिडक्यांची टक्कर. सकाळी उठायचं आणि विद्यापीठाच्याच काचेच्या इमारतीसमोर जाऊन बसायचं. आपल्या होल्याच्या जातकुळीतला एक पक्षी त्याच्या डोळ्यांदेखत येऊन आदळला, तिथून त्यानं जे धरलं ते आजवर सोडलेलं नाही. १९७९ मध्ये प्रबंध झाला, पुढं तो पेनसिल्व्हेनियातल्या म्युलेनबर्ग कॉलेजात प्राध्यापक झाला, आणि वर्षानुवर्षं हा माणूस सांगत राहिला की एकट्या अमेरिकेत वर्षाला किमान दहा कोटी आणि कदाचित शंभर कोटी पक्षी असे मरत असतील. लोकांना ते अतिरंजित वाटायचं. २०१४ मध्ये वेगळ्या संशोधकांनी निरनिराळ्या नोंदी एकत्र करून पुन्हा हिशेब मांडला तेव्हा आकडा आला ३६.५ कोटी ते ९८.८ कोटी. त्या हिशेबातली माझ्या डोक्यातून न जाणारी गोष्ट वेगळीच आहे. गगनचुंबी इमारतींचा वाटा एक टक्क्याहून कमी. निम्म्याहून जास्त मृत्यू चार ते अकरा मजल्यांच्या, मध्यम उंचीच्या इमारतींपाशी, आणि उरलेले बहुतेक साध्या घरांपाशी. मध्यम उंची, भरपूर काच, भोवती हिरवळ आणि झाडं. कुठल्याही विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेचं पहिलं पान उघडा, हेच चित्र असतं. आमची इमारत तीनच मजल्यांची आहे, पण काचेत आणि झाडीत कुठं कमी नाही.

माणसाला तरी काच कुठं दिसते? आपल्याला चौकट दिसते, मूठ दिसते, "ढकला" लिहिलेलं दिसतं, आणि तरीही आमच्याच इमारतीत पहिल्याच आठवड्यात दोघांची नाकं सुजली. दुसऱ्या आठवड्यात दारांवर लाल पट्ट्या लागल्या. माणसांच्या नाकासाठी दोन आठवडे पुरले.

मोजणं हा प्रकार मला मुळात आवडत नसे. पदवीला असताना वनस्पतिशास्त्राचे एक सर आम्हाला वसतिगृहामागच्या माळावर न्यायचे. चार खुंट्या, सुतळी, एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन. त्यात जे उगवलंय ते मोजायचं. वरून बघितलं तर नुसतं वाळकं गवत. गुडघे टेकून अर्धा तास बसलं की मग दिसायला लागायचं. गवताच्याच चार जाती, त्यातल्या एकीची कुसळं मोज्यांत घुसून संध्याकाळपर्यंत टोचायची. मधेच नखाएवढं निळं फूल, मुंगळ्यांची रांग, कुणाच्या तरी बिळाचं तोंड. ऊन पाठीवर, गवताला तापलेला कोरडा वास. आम्ही कंटाळून आकडे ढापायचो आणि सरांना ते लगेच कळायचं, कारण ते स्वतः दरवर्षी त्याच जागी खुंट्या ठोकत होते. त्यांच्याकडं आधीच्या सगळ्या वह्या होत्या. ते निवृत्त झाल्यावर त्या वह्यांचं काय झालं, मला माहीत नाही.

दरवर्षी, त्याच जागी. एवढंच केलं तरी काय हाती लागतं याचं उदाहरण ऑक्सफर्डजवळच्या वायटमच्या रानात आहे. ते रान विद्यापीठाच्या मालकीचं, आणि १९४७ पासून तिथल्या ग्रेट टिट पक्ष्यांच्या घरट्यांची नोंद होते आहे. लाकडी पेट्या, अंडी कधी घातली, किती, पिल्लं किती जगली. युद्धानंतर हे सुरू करणाऱ्यांच्या डोक्यात हवामानबदल असण्याचं कारणच नव्हतं. पण अंडी घालायची वेळ वर्षागणिक अलीकडे सरकत गेली ती त्या वह्यांमधूनच दिसली. प्राध्यापक बदलले, पेट्या बदलल्या, वही चालू राहिली. विद्यापीठाशिवाय कोण करणार हे? सरकारं पाच वर्षांची, प्रकल्प तीन वर्षांचे.

आणि विद्यापीठं प्रत्यक्षात काय मोजतात, तर खड्डे. दर पावसाळ्यात आमच्याकडे वृक्षारोपण होतं. इंडोनेशिया विद्यापीठानं २०१० मध्ये सुरू केलेल्या ग्रीनमेट्रिक क्रमवारीत जगभरची विद्यापीठं भाग घेतात. जागा आणि इमारती, ऊर्जा, कचरा, पाणी, वाहतूक, शिक्षण-संशोधन असे तिचे भाग. त्यात वाईट काहीच नाही. ही क्रमवारी नसती तर आमचा ओला कचरा अजून जळतच असता. पण अर्ज भरायचा म्हटलं की नजर आपोआप दाखवता येण्याजोग्या गोष्टींकडे जाते. मागच्या साली मैदानापलीकडच्या माळावर ओळीनं खड्डे मारले. तो माळ कागदावर "पडीक" आहे. तिथं दर उन्हाळ्यात टिटव्या अंडी घालतात, अगदी उघड्यावर, चार खड्यांच्या मधे, आणि जवळ गेलं की आकाशपाताळ एक करतात. चंडोल तिथूनच सरळ वर चढत गातो. आता तिथं रोपं आहेत, प्रत्येकाला जाळी आणि जाळीला पाटी. मद्रास आयआयटीची गोष्ट या संदर्भात आठवते. गिंडीच्या रानातून काढून दिलेल्या त्या आवारात चितळ आणि काळवीट दोन्ही राहतात. चितळ झाडोऱ्यात रमतो. काळविटाला मात्र उघडं गवत लागतं, दूरवर दिसलं पाहिजे, पळता आलं पाहिजे. झाडी दाट होणं त्याच्या पथ्यावर पडत नाही. "झाडं लावा" हे वाक्य इतकं निरागस आहे की त्याला कुठं लावा, कशाच्या जागी लावा असं विचारणारा माणूस खडूस वाटतो. वृक्षारोपणाच्या बैठकीत मी विचारलं होतं. वाटलेच असणार.

उलट बाजूनं, केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजनं काय केलं पाहा. चॅपेलशेजारचं त्यांचं लॉन १७७२ सालचं. अडीचशे वर्षं कापून-कापून गालिचा केलेला. त्याच्या एका भागात त्यांनी रानफुलांचं बी टाकलं आणि कापणं थांबवलं. २०२३ मध्ये निष्कर्ष छापून आले. वनस्पती, कोळी, ढेकूणवर्गी कीटक मिळून लॉनच्या तिप्पट जाती त्या छोट्याशा कुरणात, आणि वटवाघळंही तिथं तिप्पट वेळा फिरकलेली. यात मला आवडलं ते हे की शेजारी लॉन शिल्लक ठेवलं होतं, म्हणून तुलना करता आली. आमच्या उद्यान विभागात हे सांगितलं तर पहिला प्रश्न येईल, साप निघाला तर जबाबदार कोण? प्रश्न बरोबरच आहे. वसतिगृहाशेजारी गुडघाभर गवत मलाही नको आहे.

शिकागोत डेव्हिड विलार्ड नावाचे फील्ड म्युझियममधले एक गृहस्थ आहेत. तळ्याकाठच्या मॅककॉर्मिक प्लेस या प्रचंड सभागृहाच्या काचांवर पक्षी आपटतात असं कुणीतरी सहज बोललं, म्हणून १९७८ मध्ये ते बघायला गेले. दोन मेलेले पक्षी उचलून आणले. मग स्थलांतराच्या दिवसांत रोज जायला लागले. प्रत्येक पक्षी उचलायचा, पाय, पंख, वजन मोजायचं, खणात ठेवायचा. चाळीस वर्षं. २०१९ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यातल्या ५२ जातींच्या ७०,७१६ पक्ष्यांची मापं तपासली. पायाचं हाड २.४ टक्क्यांनी आखूड झालेलं, पंख १.३ टक्क्यांनी लांब. हवा तापत गेली तसे पक्षी लहान होत गेले, हे त्या मेलेल्यांनी सांगितलं. ५ ऑक्टोबर २०२३ च्या सकाळी मात्र त्या एका इमारतीभोवती जवळपास हजार पक्षी पडलेले सापडले आणि फोटो जगभर गेले. पुढच्या वर्षी सगळ्या काचांवर बारीक ठिपक्यांची फिल्म लावली. मृत्यू सुमारे ९५ टक्क्यांनी घटले. चाळीस वर्षं मोजणं आणि एका उन्हाळ्यात उपाय. उपाय होणार म्हणून मोजलं नव्हतं, पण मोजलेलं नसतं तर किती घटले हे तरी कशावरून सांगितलं असतं?

आमच्याकडेही बैठक झाली. मी टिपण नेलं होतं: काचेच्या बाहेरच्या बाजूनं ठिपके, दोन ठिपक्यांत पाच सेंटीमीटरहून जास्त अंतर नको, कारण त्याहून मोठ्या फटीतून आपण जाऊ असं लहान पक्ष्याला वाटतं. आतून लावून उपयोग नाही, प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर पडतं. एका सदस्यांनी सुचवलं की ससाण्याच्या आकाराचे दोन मोठे स्टिकर लावू, घाबरतील. हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो कामाचा नाही. पक्षी ससाणा चुकवतो आणि त्याच्या शेजारच्या काचेवर आपटतो. वास्तुविशारदांना काळजी होती भिंतीच्या पारदर्शकतेची. "त्या काचेमागं बसून उंबर बघण्यासाठीच तर ती जागा केली," ते म्हणाले. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी तिथंच बसते. दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या टेबलाशी. दुपारी ऊन पानांतून गाळून वहीवर येतं, फांदीवर हळद्या उतरला की दोन हातांवर असतो. त्या काचेनं मला उंबर जितका दाखवला तितका आजवर कुठल्याही झाडानं स्वतःला दाखवला नाही. ठिपके लागले की काही दिवस मलाही टोचतील.

मानांकनाचा मुद्दा निघाला तेव्हा मी सांगितलं की हरित इमारतींच्या अमेरिकेतल्या लीड मानांकनात पक्ष्यांची धडक टाळण्यासाठी २०११ पासून एक ऐच्छिक गुण आहे. त्यावर एकदम खोलीत जाग आली. हे आधी सांगायचं ना! दहा मिनिटांत उगवतीच्या भिंतीपुरता ठराव झाला. पक्षी वाचणार असतील तर कारण कुठलंही असो, अशी मी माझी समजूत घातली. मधल्या काळात नोंदवही ठेवायचं ठरलं: तारीख, वेळ, भिंत, पक्षी, मेला की उडाला. वही सुरक्षारक्षकाच्या टेबलावर आहे. पहिल्या पानावर रकाने छान आखलेत.

ती बहुतेक कोरी राहिली, कारण मावशी तिथं नाहीत. ठेकेदार काही महिन्यांनी माणसं फिरवतो, एका जागी "फार रुळू" नयेत म्हणून. त्यांच्या जागी आलेला मुलगा सकाळी साडेसहाला येतो, सातच्या आत झाडून पुढच्या इमारतीत जातो. म्हणजे पाखरं पडायला लागतात तेव्हा तिथं कुणीच नसतं. नऊला दार उघडेपर्यंत कावळे आणि मांजर आपापलं काम उरकतात, आणि वहीत "निरंक" लिहिलं जातं. पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणणार, बघा, प्रश्न तेवढा मोठा नव्हताच.

परवा प्रशासकीय इमारतीत गेले होते, तिथं मावशी भेटल्या. जुनी दगडी इमारत, लहान खिडक्या, लाकडी झडपा. इकडं कसं काय, विचारलं. "इकडं काय पडत नाय मॅडम. काचच नाय तर पडणार काय?" मग त्यांनी विचारलं, ते ठिपके लागले का.

"टेंडर निघालंय," मी म्हटलं.

त्यांनी बोटांवर महिने मोजले. "मग यंदाची रंगीत पाखरं गेलीच म्हणायची," म्हणाल्या, आणि विचारलं, रात्रीचे दिवे तरी कमी करायला कुणाला सांगायचं असतं? मी इस्टेट विभागाच्या साहेबांचं नाव सांगितलं. ते याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसतात. मावशींनी खराटा भिंतीला टेकवला, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "चला मग. तुम्ही बोला, मी किती पडतात ते सांगते."